बेज, बदामी, राखाडी: फिक्या रंगांचे कपडे घेताना या चुका टाळा

मागच्या वर्षी दसऱ्याच्या आधी लक्ष्मी रोडवर मी एक बदामी कुर्ता घेतला आणि त्याला ‘अगदी मॅचिंग’ पँट. दुकानातल्या ट्यूबलाइटमध्ये दोन्ही सख्ख्या बहिणी वाटत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही घालून रिक्षात बसले, अंगावर ऊन पडलं आणि कळलं की कुर्ता गुलाबीकडे झुकलाय, पँट हिरवट आहे. ऑफिसात कोणी काही बोललं नाही, पण दिवसभर मी ओढणीने पँट झाकत होते.

फिक्या रंगांतली सगळ्यात महाग चूक हीच. लाल म्हणजे लाल, पण बेज नावाखाली दहा रंग विकले जातात. मोतिया, हस्तिदंती, चंदनी, मातकट, बिस्किटी असे आपल्याकडचे शब्दच बघा, प्रत्येकाच्या पोटात वेगळी छटा आहे: कुणात पिवळी, कुणात गुलाबी, कुणात हिरवी. दुकानातल्या दिव्याखाली ती लपते, उन्हात वर येते. म्हणून कापड हातात धरून सरळ दुकानाच्या दारात या. पर्समध्ये पांढरा रुमाल असेल तर कापडाशेजारी ठेवा, छुपी छटा लगेच कळते. “ताई, क्रीमच आहे हो तो,” असं दुकानदार म्हणेलच. म्हणू द्या.

ऑनलाइन घेताना कंपनीचे फोटो सोडा, घेतलेल्या बायकांनी खिडकीशी काढलेले फोटो शोधा. आणि मुळात तंतोतंत जुळवायलाच जाऊ नका. दोन बेज जवळजवळ सारखे असले की फसलेले दिसतात, फिक्या-गडदपणात तीन पायऱ्यांचं अंतर असलं की मुद्दाम घातलेले दिसतात. मोतिया कुर्त्याखाली गडद खाकी पँट कधीच चुकत नाही. (खाकी हा शब्द फारसीतल्या ‘खाक’वरून, म्हणजे धुळीवरून आलाय. पुण्याच्या रस्त्यांसाठी याहून सोयीचा रंग नाही.)

फोटो लंडनचा, घाम आपला

‘ऑटम आउटफिट’ असं शोधलं की लोकरी कोट, उंच बूट आणि पायाखाली पिवळी पानं दिसतात. आपल्याकडे पंचांगात शरद असतो आणि अंगावर ऑक्टोबर हीट. पाऊस गेलेला, आभाळ स्वच्छ, ऊन थेट. त्या दिवसांत उंट-रंगाचा जाड स्वेटर घेणं म्हणजे पैसे कपाटात टांगणं. ऑक्टोबरात फक्त सुती घ्या: कुर्ता, सैल पँट, वर घालायला बिनबाह्यांचं खादीचं जाकीट. २ ऑक्टोबरच्या आसपास खादीच्या दुकानांत सूट लागते, आणि न रंगवलेल्या सुताची छटा कुठल्याही ‘एक्रू’ (म्हणजे कोऱ्या कापडाचा रंग) लेबलपेक्षा खरी असते.

स्वेटरचं नोव्हेंबरात बघा. बऱ्याच शहरांत थंडीत तिबेटी विक्रेत्यांचा बाजार लागतो, तिथे घासाघीस करून छान राखाडी कार्डिगन मिळतात. पण त्यातले बरेचसे अ‍ॅक्रिलिकचे असतात. काखेत आणि पर्स घासते तिथे गोळे धरतात आणि राखाडीवर ते लगेच दिसतात. तळवा बाहीवर जोरात दहा-बारा वेळा घासून बघा, तंतू उठायला लागले तर परत ठेवा. घरी आहे त्यावर गोळे आलेच असतील, तर कापड ताणून हलक्या हाताने कोरडं रेझर फिरवा. आणि तुम्ही निफाडला राहता की मुंबईत, हेही लक्षात ठेवा. मुंबईकरणीचं एका स्टोलवर भागतं.

लिनन म्हणून काय घेतलंत?

स्वस्तातल्या बेज कपड्यांवर ‘कॉटन लिनन’ लिहिलेलं सर्रास दिसतं. आतल्या शिवणीच्या कडेचा एक धागा काढून घरी, बशीवर, चिमट्यात धरून जाळा. सुती किंवा लिननचा धागा कागदासारखा जळतो, वास कागदाचा आणि राख बोटाने चुरडणारी. पॉलिस्टर वितळतं आणि काळा टणक मणी उरतो. मिसळ असेल तर थोडं हे, थोडं ते. पॉलिस्टर वाईट असं नाही, पण ऑक्टोबरच्या दुपारी पाठीला चिकटतं आणि फिक्या रंगावर ओला डाग ठळक उठतो. मुठीत घट्ट दाबून सोडल्यावर एकही सुरकुती न पडणारं लिनन असेल, तर ते लिनन नाही.

खरंच कमी खर्चात करायचं तर मांजरपाट घ्या आणि शिवून घ्या. माझी आवड म्हणा, पण त्याच्या कोऱ्या मातकट रंगाला तोड नाही. इथेही मी एकदा फसले. कोरं कापड तसंच शिंपीकाकांना दिलं, पहिल्या धुण्यात खळ निघाली आणि कुर्ता गुडघ्याखालचा गुडघ्यावर आला. कोरं कापड रात्रभर पाण्यात भिजवायचं, न पिळता वाळवायचं, मग शिवायला द्यायचं. पन्हा ४४ इंची असेल तर कुर्त्याला अडीच मीटर पुरतं, मी पावमीटर जास्तच घेते.

आतलं दिसतंय

मोतिया कुर्त्याच्या आत पांढरी स्लिप घालू नका, ती कंदिलासारखी दिसते. आपल्या कातडीच्या रंगाचं आतलं घाला, ते दिसतच नाही. घेतानाच कापडाखाली हात घालून बघा: बोटं मोजता आली तर अस्तराचा खर्च किमतीत धरा.

तोंड उतरल्यासारखं दिसतंय का? गव्हाळ रंगावर बिस्किटी रंग गळ्यापाशी आला की बऱ्याच जणींचं असं होतं. कुर्ता टाकून देऊ नका, गळ्याशी दुसरा रंग आणा. पांढरी ओढणी, मातीच्या मण्यांची माळ किंवा नुसती मोठी टिकलीही पुरते. नवरात्रात राखाडीच्या दिवशी ज्या बायका उठून दिसतात, त्यांच्या कपाळाकडे बघा.

धुताना घालवलेला रंग

निळ ही पांढऱ्यासाठी. मोतिया कपड्याला लावली की तो मळकट करडा होतो. जास्त शुभ्रतेची जाहिरात करणाऱ्या पावडरींत बहुधा चमक आणणारी द्रव्यं असतात, त्यांनी क्रीम रंग हळूहळू निळसर पांढरा होतो. सेटमधला कुर्ता आठवड्याला धुतला आणि पँट महिन्याला, तर दिवाळीपर्यंत सेट फुटलेला असतो. दोन्ही एकत्रच धुवा, रंगीत कपड्यांच्या सौम्य लिक्विडमध्ये.

बोअरच्या पाण्याने पिवळे-तांबूस डाग आले तर ब्लीच ओतू नका. पाण्यातल्या लोहाचे डाग ब्लीचने आणखी पक्के होतात. लिंबाचा रस लावून थोडा वेळ ठेवा आणि स्वच्छ पाण्याने धुवा, आधी आतल्या शिवणीवर करून बघून.

आणि हळद. वरणाचा थेंब पडला, साबण लावला आणि डाग लालभडक झाला, की आपण घाबरून आणखी घासतो. हळदीतलं कर्क्युमिन साबणाच्या अल्कलीत लाल होतं, इतकंच. साबण पूर्ण निघेपर्यंत धुवा, म्हणजे डाग परत पिवळा होईल. मग ओला कपडा डाग वर करून उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. माझ्या त्या बदामी कुर्त्यावर कोजागिरीच्या मसाला दुधाचा ओघळ आला होता. गॅलरीत दोन दिवस ऑक्टोबरचं ऊन खाऊन तो गेला. हिरवट पँट मात्र अजून आहे, आता ती गडद तपकिरी शर्टाखाली जाते.