३१ डिसेंबरला तुमचा पत्ता काय होता?

व्हँकुव्हरला स्टुडिओत किंवा शूटिंग युनिटवर रुजू झालात की स्टार्ट पॅकेटमध्ये रहिवासाचं घोषणापत्र असतं. भाराभर कागदांतला आणखी एक म्हणून लोक सही ठोकून मोकळे होतात. असं करू नका. तुम्ही कंपनीला स्वस्तात पडता की महागात, ते या कागदावर ठरतं.

फिल्म टॅक्स क्रेडिट, म्हणजे चित्रपटाच्या खर्चापोटी सरकार करातून परत देतं ती रक्कम, तुमच्या खिशात येत नाही, निर्मिती कंपनीला मिळते. पण मोजली जाते तुमच्या पगारावर. परदेशी स्टुडिओचं काम इथे होतं तेव्हा ब्रिटिश कोलंबिया (व्हँकुव्हर ज्या प्रांतात आहे तो) स्थानिक मजुरीच्या ३६ टक्के देतं. मुख्य चित्रीकरण १ जानेवारी २०२५ पासून पुढे सुरू झालेल्या प्रकल्पांना हा दर आहे. आधी तो २८ होता. अ‍ॅनिमेशन, व्हीएफएक्स आणि पोस्टच्या (चित्रीकरणानंतरच्या कामाच्या) मजुरीवर ‘डेव्ह’ या प्रांताच्याच जादा क्रेडिटचे १६ टक्के वेगळे. ओटावाचेही, म्हणजे केंद्र सरकारचेही, १६ टक्के आहेत, पण प्रांताने दिलेली मदत वजा करून जे उरेल त्यावर.

समजा कंपॉझिटरचा (व्हीएफएक्समध्ये वेगवेगळी चित्रं एका दृश्यात जुळवणाऱ्याचा) पगार ८०,००० डॉलर आहे. प्रांताचे २८,८०० आणि डेव्हचे १२,८०० मिळून ४१,६००. उरलेल्या ३८,४०० वर ओटावाचे ६,१४४. कंपनीला परत आले ४७,७४४, म्हणजे माणूस पडला ३२,२५६ ला. तोच माणूस प्रांताच्या व्याख्येत बसला नाही, तर फक्त ओटावाचे १२,८०० मिळतात आणि तो पडतो ६७,२०० ला. दुपटीहून जास्त! मुलाखत झकास होऊनही फोन का येत नाही, याचं उत्तर कधी कधी या वजाबाकीत असतं.

प्रांताची व्याख्या अशी: कंपनीचं ज्या कर-वर्षाचं क्रेडिट मागायचं, ते वर्ष ज्या सालात संपतं त्याच्या आदल्या सालच्या ३१ डिसेंबरला तुम्ही ब्रिटिश कोलंबियाचे रहिवासी असायला हवं. १० जानेवारी २०२६ ला उतरलात आणि कंपनीचं वर्ष डिसेंबरअखेर संपत असेल, तर २०२६ चा तुमचा सगळा पगार बाद. कंपनीचं वर्ष ३१ मार्च २०२७ ला संपत असेल तर तारीख लागते ३१ डिसेंबर २०२६, आणि तुम्ही बसता. म्हणून एचआरला वर्षअखेर कधी ते सरळ विचारा. प्रश्न अजिबात आगाऊ नाही. टोरोंटोहून फेब्रुवारीत इकडे येणाऱ्यालाही हाच नियम आहे.

इथे रहिवासी म्हणजे कराच्या दृष्टीने रहिवासी. वर्क परमिट असलं तरी चालतं, पण २८ डिसेंबरला विमानातून उतरून मित्राच्या सोफ्यावर झोपलात एवढ्याने भागत नाही. घर कुठे, जोडीदार आणि मुलं कुठे, हे पाहिलं जातं. बायको-मुलं अजून पुण्यातच आणि घरही तिथेच चालू असेल, तर आधी कर-सल्लागाराला विचारा, मग सही करा. भाडेकरार, बँक खातं, लायसन्स, बीसी सर्व्हिसेस कार्ड, पुढे रिटर्न भरल्यावर कर खात्याकडून येणारी नोटीस ऑफ असेसमेंट: सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा आणि सगळीकडे पत्ता एकच असू द्या.

स्वतःची कंपनी काढून, म्हणजे लोन-आउटवर, काम करणाऱ्यांची हमखास चूक: शेअर बायकोच्या किंवा नवऱ्याच्या नावावर टाकणं. सगळे शेअर तुमचेच आणि कंपनीचं मुख्य काम तुमची सेवा पुरवणं, तरच ती एकट्या माणसाची कंपनी धरतात. नाहीतर पूर्ण बिल न धरता तुमच्या कंपनीने तिच्या नोकरांना दिलेल्या पगाराएवढाच भाग धरतात. किट रेंटल (स्वतःची साधनं वापरल्याचं भाडं) मजुरीत येत नाही, त्यामुळे ते बिलात वेगळ्या ओळीवर दाखवा. नफ्याच्या टक्केवारीवर ठरलेली रक्कमही येत नाही. बिल वेळेत द्या, कारण कर-वर्ष संपल्यावर ६० दिवसांच्या आत पैसे चुकते झाले नाहीत तर त्या वर्षाच्या दाव्यात ती रक्कम धरता येत नाही. उशिरा बिल देणाऱ्यावर अकाउंटिंगवाले उगाच चिडत नाहीत.

‘कॅनेडियन कंटेंट’ची, म्हणजे कॅनडाचीच निर्मिती म्हणून मान्यता घेणाऱ्या प्रकल्पांची, गोष्ट निराळी. तिथे गुण मोजताना वर्क परमिट कामाचं नाही, नागरिक किंवा पीआर (कायमचा रहिवासी) असावाच लागतो. १० पैकी किमान ६ गुण हवेत: दिग्दर्शक २, लेखक २, दोन प्रमुख कलाकारांचे एकेक, आणि कला, छायाचित्रण, संगीत व संकलन यांचा एकेक. दिग्दर्शक-लेखकांपैकी एक आणि दोन प्रमुख कलाकारांपैकी एक कॅनेडियन असावाच लागतो, आणि निर्माताही. पीआर हातात यायच्या आधी निर्माता म्हणून स्वतःचं नाव टाकलंत तर सगळा अर्ज अडकतो.

आणि जाहिरात, बातम्या, क्रीडा सामने किंवा रिअ‍ॅलिटी शोवर काम मिळालं असेल, तर यातलं काहीच लागू नाही. हे प्रकार क्रेडिटमधून वगळलेलेच आहेत, त्यामुळे तिथे ३१ डिसेंबरला तुम्ही कुठे होता याने कोणाचं काही बिघडत नाही. नवख्याला पहिलं काम तिथे सोपं जाऊ शकतं.