घरी केलेल्या कपाटाला स्टेन आणि पॉलिश: आधी पाऊस बघा, मग रंग

कपाट जोडून झालं की पहिल्यांदा सगळे शेडकार्ड हातात घेतात, वॉलनट घेऊ का रोजवूड, आणि वर काय मारायचं ते दुकानदारावर सोडून देतात. माझं म्हणणं उलटं आहे बघा. स्टेन म्हणजे नुसता रंग, लाकूड राखायचं काम वरचा कोट करतोय, आणि आपल्या बेळगाव-खानापूरकडं जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा ओल धरतात, तेव्हा वरचा कोट आधी ठरवा.

मी श्रावणात एक छोटं कपाट फ्रेंच पॉलिशनं केलं, म्हणजे चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून फडक्याच्या बोळ्यानं मारतात ते. बाहेर झिमझिम चालूच होती. सकाळी चकचकीत दिसलेलं दार संध्याकाळपर्यंत ताक शिंपडल्यासारखं पांढुरकं झालं, लई वाईट वाटलं. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतोय आणि हवेतली ओल त्या थरात अडकते, म्हणून तसं होतंय. पुढं कोरडं ऊन पडल्यावर बोळ्याला जरासं स्पिरिट लावून हलक्या हातानं फिरवलं तेव्हा ते गेलं. तेव्हापासून पॉलिशचं काम दिवाळीनंतरच काढतोय, नोव्हेंबर ते मे.

तरी फ्रेंच पॉलिश वाईट नाही हं, वाळल्यावर वास राहत नाही म्हणून कपड्यांच्या कपाटाला आतून तेच बरं, आणि ओरखडा पडला तर तेवढीच जागा दुरुस्त करता येते. फक्त पाणी किंवा गरम भांडं लागलं की पांढरा डाग पडतोय, म्हणून स्वयंपाकघरात नको. तिथं आणि मोरीजवळ पीयूच घ्या, म्हणजे पॉलीयुरेथेन, प्लास्टिकसारखा टणक थर देणारं पॉलिश. दोन डब्यांचं, म्हणजे पॉलिश आणि ते कडक करणारं हार्डनर वेगळं असेल तर लागेल तेवढंच मिसळा, उरलेलं डब्यातच घट्ट होऊन वाया जातंय. मेलामाईन नावाचं पॉलिशही टणक असतंय, पण वास बरेच दिवस राहतोय, खिडक्या उघड्या ठेवा. जवसाचं तेल लावणार असाल तर ते आतून नको, वास कोंडून बसतोय, आणि तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात अजिबात टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेतात. बाहेर मोकळ्या पसरून वाळवा नाहीतर पाण्याच्या बादलीत टाका.

आता रंग. सागवानाला गडद स्टेन मारू नका असं मी कळकळीनं सांगतो, तेवढं देखणं लाकूड झाकायचं कशाला? सागवानात मुळातच तेल असतंय म्हणून थिनरच्या फडक्यानं पुसा आणि लगेच सीलर, म्हणजे लाकडाची छिद्रं बुजवणारा खालचा कोट, मारा. फणस पिवळा दिसला तरी घाबरू नका, वर्षं जातील तसा आपोआप तांबूस-तपकिरी होतोय. पॅकिंगच्या पेटीचं पाइन असेल तर स्टेन ठिपक्याठिपक्यानं बसतोय, त्यामुळं आधी सीलर पातळ करून एक हात द्या.

पॉलिश पेपर १२०, १८०, २२० असा (नंबर वाढेल तसा पेपर बारीक) लाकडाच्या रेषांच्या दिशेनं चालवा, त्याच्या पुढं नको, जास्त गुळगुळीत लाकूड स्टेन पीत नाही. फळीच्या कापलेल्या टोकांना मात्र ३२० चालवा, ती जास्त पितात आणि काळी पडतात. मग ओल्या फडक्यानं सगळं पुसून बघा. फेविकॉलचा डाग असेल तिथं लाकूड ओलं होत नाही, फिकट दिसतंय, तेवढं खरवडून काढा, नाहीतर स्टेनखाली तो डाग कायमचा राहतोय.

आणि डब्यावरच्या रंगावर जाऊ नका की ओ. त्याच फळीचा उरलेला तुकडा घ्या, तसाच घासा, स्टेन, सीलर आणि वरचे दोन कोट सगळं त्याच्यावर करा, कपाट ठेवणार त्याच खोलीत दिवसा आणि दिवा लावून बघा.

मागची बाजू दिसत नाही म्हणून कोरी सोडू नका, ती एकटीच ओल ओढते आणि फळी वाकते. भिंतीपासून दोन बोटं अंतर ठेवा.