टॉपर आणण्याआधी गादीवर काठी आडवी ठेवा

आठ तास अंथरुणात काढूनही सकाळी अंग आंबलेलं असतं. कंबर धरलेली असते आणि उठून तासभर हिंडलं-फिरलं की आपोआप सुटते. प्रवासात मात्र परक्या अंथरुणावर गाढ झोप लागते. अशी लक्षणं जुळत असतील तर गादीवर संशय घ्यायला हरकत नाही. अशा वेळी नवी गादी घेण्याऐवजी टॉपरचा, म्हणजे गादीवर अंथरायच्या दोन-चार इंची थराचा, विचार बरेच जण करतात. मीही केला आणि पहिल्यांदा सपशेल फसले. फसले कारण टॉपर कोणता घ्यायचा हे शोधण्यात मी आठवडा घालवला आणि गादीला नेमकं झालंय काय, हे बघायला पाच मिनिटंही दिली नाहीत.

एक गोष्ट आधीच सांगते. जोरात घोरणं, श्वास अडकून दचकून जाग येणं, रात्रभर झोपूनही दिवसा बसल्या जागी डुलक्या येणं, यातलं काही असेल तर आधी डॉक्टरांकडे जा. हा त्रास अंथरूण बदलून जात नाही.

पायरी १ : गादीची झडती

चादर काढा. झाडूचा दांडा किंवा कोणतीही लांब सरळ काठी गादीवर आडवी ठेवा, बरोबर जिथे कंबर आणि खुबे टेकतात तिथे. गादीवर कोणी बसलेलं नको. आता काठी आणि गादी यांच्यातली फट पट्टीने मोजा. सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर असेल तर टॉपर कामाला येईल. चार सेंटीमीटरच्या आसपास किंवा जास्त असेल तर पैसे घालवू नका. माझ्या गादीला पाच सेंटीमीटरचा खळगा होता. वर अंथरलेल्या मेमरी फोमच्या नव्याकोऱ्या टॉपरने आठवड्याभरात त्याच खळग्याचा आकार घेतला. आधी खड्ड्यात झोपत होते, आता मऊ खड्ड्यात झोपायला लागले.

गादी सपाट दिसत असेल तर खालच्या फळ्या तपासा. एखादी मोडलेली किंवा वाकलेली फळीसुद्धा कंबर धरायला पुरते. खात्री करायची सोपी रीत म्हणजे दोन रात्री गादी जमिनीवर टाकून झोपा. फरक पडला तर दोष पलंगाचा आहे, गादीचा नाही.

पायरी २ : गादी कडक आहे की ढिली?

हे ठरल्याशिवाय पुढे जाऊ नका. नेहमीच्या जागी उताणे झोपा आणि कमरेच्या पोकळीखाली तळहात सरकवून बघा. हात आरपार सहज जात असेल आणि वर जागा उरत असेल, तर गादी तुमच्यासाठी कडक आहे. हात शिरतच नसेल तर खुबे खाली रुतलेत, म्हणजे गादी ढिली आहे. थोडा जोर लावून हात गेला तर कडकपणा ठीक आहे.

कुशीवर झोपणाऱ्यांना वेगळी खूण मिळते. खालचा खांदा दुखणं, हाताला मुंग्या येऊन जाग येणं, रात्रभर कूस बदलत राहणं, हे बहुतेक वेळा कडक गादीचं लक्षण असतं, कारण सगळा भार खांदा आणि खुबा या दोनच ठिकाणी येतो. पालथं झोपणाऱ्यांचं उलटं. मऊ थरात पोट खाली जातं आणि कमरेला बाक येतो, म्हणून त्यांनी पातळ आणि घट्ट थरच घ्यावा.

इथे टॉपरची मर्यादा कळून घ्या. कडक गादी तो मऊ करू शकतो. ढिली गादी घट्ट करणं त्याला फारसं जमत नाही, कारण वरचा थर कितीही घट्ट असला तरी खालचा दबतोच. गादी ढिली असेल आणि तूर्तास बदलणं शक्य नसेल, तर दोन-तीन इंची घट्ट लेटेक्सने, म्हणजे रबराच्या थराने, थोडा दिलासा मिळेल, एवढीच आशा ठेवा.

‘पाठदुखीला कडक अंथरूणच बरं’ हा समज मात्र सोडून द्या. जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांवर स्पेनमध्ये झालेली एक चाचणी २००३ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात कडक गादीपेक्षा मध्यम घट्ट गादीवर झोपणाऱ्यांचं दुखणं जास्त कमी झालं.

पायरी ३ : कशाचा घ्यायचा?

मेमरी फोमचा जन्म झोपेसाठी झालेला नाही. १९६६ साली नासासाठी काम करताना चार्ल्स योस्ट यांनी तो विमानातल्या आसनांकरता तयार केला. धक्का शोषून घेणं हे त्याचं मूळ काम. अंगाच्या उबेने तो मऊ होतो आणि हळूहळू शरीराचा आकार घेतो. तळहात दाबून उचलला की ठसा काही क्षण तसाच राहतो. खांदा-खुबा दुखणाऱ्या, कुशीवर झोपणाऱ्या माणसाला त्याचा खरा आराम मिळतो. शेजारचा माणूस उठला-बसला तरी हादरा जाणवत नाही, हा आणखी एक फायदा. तोटेही याच गुणातून येतात. थंड खोलीत तो सुरुवातीला घट्ट लागतो, अंगाची उष्णता धरून ठेवतो आणि त्यात रुतल्यावर कूस बदलायला जोर लागतो. ज्यांना रात्री घाम येतो किंवा उठताना आधार लागतो, त्यांना मी हा सुचवणार नाही. ‘थंडावा देणारं जेल’ मिसळलेल्या फोमवरही फार भिस्त ठेवू नका. पहिला स्पर्श गार लागतो, पण थोड्या वेळाने तेही अंगाइतकंच तापतं.

लेटेक्स रबराचं. दाबलं की लगेच उसळून वर येतं, त्यामुळे हालचाल सोपी जाते, आणि आरपार भोकांमुळे हवा खेळती राहते. ते वजनदार असतं आणि चांगलं टिकतं. रबराची अॅलर्जी असेल तर मात्र दूर राहा. साधा फोम स्वस्त, पण लवकर बसतो. पिसं, लोकर, कापूस यांचे थर ऊब आणि मऊपणा देतात, लोकर घामाची ओलही छान शोषते, पण दुखणाऱ्या कमरेला आधार यातलं काहीच देत नाही.

पायरी ४ : जाडी आणि घनता

बहुतेकांना दोन इंच पुरतात. कुशीवर झोपणाऱ्याचं वजन जास्त असेल तर तीन. चार इंची थरावर गादीचा आधार अंगापर्यंत नीट पोहोचतच नाही.

घनता म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोमधलं वजन. मेमरी फोम ५०च्या पुढचा असावा; ४०च्या खालचा लवकर दमतो. घनता म्हणजे कडकपणा नव्हे, हे विक्रेतेही विसरतात. पुष्कळदा वेष्टनावर घनता छापलेलीच नसते, पण वजन छापलेलं असतं, आणि तेवढ्यावर हिशेब होतो. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि पाच सेंटीमीटर जाड टॉपरचं आकारमान ०.१५ घनमीटर. ५० घनतेचा असेल तर तो साडेसात किलो भरला पाहिजे. साडेचार किलोच भरत असेल तर घनता ३० आहे, वर्णन काहीही असो.

दोघांच्या वजनात किंवा आवडीत बराच फरक असेल तर दोन वेगळे एकेरी टॉपर शेजारी अंथरून वरून एकच चादर घाला. आमच्याकडे हेच केलंय आणि भांडण मिटलंय.

पायरी ५ : मापं

गादीची लांबी-रुंदी टेपने मोजा, आठवणीवर जाऊ नका. कोपऱ्यांना इलॅस्टिकचे पट्टे असले तर टॉपर सरकत नाही. इलॅस्टिकची चादर वाढलेल्या उंचीला पुरेल का तेही बघा. घरात वयस्कर कोणी असेल तर पलंगाच्या काठावर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत.

एक वर्षापेक्षा लहान बाळाच्या अंथरुणात टॉपर कधीच घालू नका. मऊ थरात तोंड-नाक दबून श्वास कोंडण्याचा धोका असतो.

पायरी ६ : घरी आल्यावर

फोम गुंडाळून दाबलेला येतो. उलगडून, खिडक्या उघड्या ठेवून एक-दोन दिवस राहू द्या. वास उडतो आणि कोपरे फुगतात. पहिल्या रात्रीवरून निकाल देऊ नका, अंगाला सवय व्हायला दोन आठवडे तरी लागतात. रोज सकाळी कंबर किती दुखते याला दहापैकी गुण देऊन कागदावर मांडा. परतीची मुदत संपायच्या आत तो कागद बघा. तोवर वेष्टन फेकू नका.

मान दुखायला लागली तर टॉपरला दोष देण्याआधी उशी बदलून बघा. खांदा आता आधीपेक्षा खोल जातो, म्हणजे तीच जुनी उशी उंच ठरते. मला हे कळायला नऊ दिवस लागले. उशीतला थोडा कापूस काढला आणि मान सुटली.

फोम धुवू नका आणि उन्हात टाकू नका, पिवळा पडून भुसभुशीत होतो. काही सांडलं तर कोरड्या फडक्याने टिपून सावलीत वाळवा. महिन्या-दोन महिन्यांनी डोक्याकडची बाजू पायाकडे फिरवा. मी आमच्या टॉपरच्या खालच्या कोपऱ्यावर मार्करने घेतल्याची तारीख लिहिली आहे, आणि तो फिरवते तेव्हा झाडूचा दांडाही एकदा आडवा ठेवून बघते.