चतुरांची जात डीएनएवरून ठरवताय? या चुका टाळा

हतनूर धरणाच्या बॅकवॉटरवर किंवा गिरणा नदीच्या डोहांवर चतुर आणि टाचण्या (चतुरांचे सडपातळ भाऊबंद) पकडून डीएनएवरून जात ठरवायची, तर बिघाड दिसतो प्रयोगशाळेत, पण झालेला असतो काठावरच.

फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेला चतुर या कामातून जवळजवळ बाद समजा. ९५ टक्क्यांवरचं इथेनॉल वापरा आणि दुसऱ्या दिवशी बदला. किड्याच्या अंगातल्या पाण्याने ते पातळ होतं. जळगावच्या मे महिन्यात बाटल्या गाडीच्या डिकीत राहिल्या तर पुढचं बोलायलाच नको. डीएनएसाठी एक पाय पुरतो. पोटाचा तुकडा घेतलात तर चतुराने खाल्लेल्या डासाचाही डीएनए सोबत येतो. बाकीचा किडा क्रमांक लावून जपून ठेवा. नाव चुकलं अशी शंका आली की परत बघायला तोच लागतो.

सीओआय, म्हणजे जात ओळखायला वापरतात तो मायटोकॉन्ड्रियातला (पेशीच्या ऊर्जाकेंद्रातला) जनुक. त्याचा ६५८ अक्षरांचा तुकडा हाती आला आणि मध्येच स्टॉप कोडॉन (‘प्रथिन इथे थांबवा’ सांगणारी तीन अक्षरं) दिसला की अनेक जण नमुनाच फेकतात. घाई नको. तीन अक्षरांवरून अमिनो आम्ल ठरवण्याचे वेगवेगळे तक्ते असतात. सॉफ्टवेअर बहुधा तक्ता १ धरून चालतं, कीटकांच्या मायटोकॉन्ड्रियाला तक्ता ५ लागतो. टीजीए म्हणजे पहिल्यात ‘थांबा’, पाचव्यात ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल. तक्ता आणि वाचनाची चौकट (तीन-तीन अक्षरं कुठून मोजायची ते) दोन्ही तपासूनही स्टॉप हटला नाही, तर मात्र पेशीच्या केंद्रकात जाऊन बसलेली या जनुकाची निकामी प्रत वाचली गेली असावी.

खरी घसरगुंडी जेनबँकेत, म्हणजे डीएनए नोंदींच्या सार्वजनिक साठ्यात आहे. ९९ टक्के जुळलं, नाव चिकटवलं, मोकळे! पण तिथलं नाव नोंद करणाऱ्याने दिलेलं असतं. आपल्याकडची इश्नुरा रुबिलिओ ही टाचणी पूर्वी इश्नुरा ऑरोरा म्हणूनच नोंदली जाई. ऑरोरा आता ऑस्ट्रेलियाकडची मानतात. दोन टक्के फरक म्हणजे नवी जात, हा ठोकताळाही माझ्या मते सोडून द्यावा. युरोपातल्या सीनाग्रिऑन प्युएला आणि पुल्केलम या टाचण्यांचे नर दिसायला वेगळे, पण सीओआयवर त्या वेगळ्या करता येत नाहीत. मायटोकॉन्ड्रिया आईकडूनच येतो, त्यामुळे संकर झाला असेल तर एकट्या सीओआयवरून कळत नाही. जोडीला आयटीएससारखा केंद्रकातला मार्कर (ओळखीसाठी वापरायचा डीएनएचा तुकडा) घ्या आणि नराच्या शेपटीच्या टोकाचे चिमटे सूक्ष्मदर्शकाखाली बघाच.

यावल अभयारण्यात जाळं न्यायचं असेल तर वनखात्याची परवानगी आधी. पाऊस पडल्यावर अर्ज केलात तर हंगाम हातचा जाईल.