पास्त्यावर चीज नको, भाजलेला पावचुरा घाला

सगळ्यात आधी एक सांगते. दुकानात पुड्यात मिळणारे ब्रेड क्रम्ब्स यासाठी आणू नका. कटलेट घोळवायला ते ठीक आहेत. पण ते पिठासारखे बारीक असतात, तेलात पडले की बघता बघता करपतात आणि पास्त्यावर घातले की ओले होऊन नुसता लगदा होतो. आपल्याला हवा जाडाभरडा चुरा. काही कण तांदळाएवढे, काही ज्वारीच्या दाण्याएवढे, मधूनच एखादा शेंगदाण्याएवढा तुकडा आला तरी उत्तमच. सगळे कण एकसारखे असले तर दाताखाली मजा येत नाही.

मी हे एवढ्या ठासून सांगते कारण माझं माहेर भुसावळचं आणि घरची बेकरी. उरलेल्या पावाचं काय करायचं हा आमच्याकडे रोजचा विषय. सासर यावल तालुक्यात, केळीच्या बागा आणि भरताची वांगी यांच्यात. म्हणजे पाव माहेरचा, वांगी सासरची. पास्ता तेवढा मुलांनी आणला. पुण्याहून सुट्टीला आलेली मुलं त्यावर चीजची अख्खी वडी किसायची, तेव्हा मी या चुऱ्याच्या मागे लागले.

युक्ती माझी नव्हे. इटलीच्या दक्षिणेला, सिसिली आणि कलाब्रियाकडे, गरिबाघरी चीज परवडत नसे. मग शिळ्या पावाचा चुरा ऑलिव्ह तेलात परतायचा आणि चीजच्या जागी तोच पास्त्यावर घालायचा. सिसिलीत त्याला ‘मुद्दिका अत्तुर्राता’ म्हणतात. १९ मार्चला तिथे संत जोसेफचा सण असतो. जोसेफ सुतार, म्हणून त्या दिवशीच्या पास्त्यावरचा चुरा म्हणजे त्याच्या हातचा लाकडाचा भुसा, असं मानतात. आता ज्यांना चीज सहज परवडतं तेही हा चुरा आवडीने खातात. आपल्या खान्देशात हे कुणाला पटवून द्यायची गरज पडू नये. मिसळीवरची शेव जे काम करते, तेच हा चुरा करतो.

आता पाव. कालचा किंवा परवाचा लादीपाव सर्वांत चांगला. ताज्या पावाचा चुरा होत नाही, गोळे होतात. गोडसर मिल्क ब्रेड घेऊ नका, त्यातली साखर आतला ओलावा जायच्या आधीच काळी पडते. चौघांना चार पाव पुरतात. हाताने तोडून तुकडे करा आणि ताटात पसरून ठेवा. एप्रिल-मे महिन्यात आमच्याकडे गच्चीवर बिबडे, कुरडया, पापड वाळतच असतात, त्यांच्याच शेजारी एका कोपऱ्यात पावाचे तुकडे टाकायचे. जळगावचं ऊन, एका दुपारीत कडक होतात. वरून पातळ फडकं टाका, चिमण्या सोडत नाहीत. पावसाळ्यात हा मार्ग बंद. तेव्हा जाड तव्यावर अगदी मंद आचेवर उलटसुलट करून वाळवा. तुकडा मोडताना कट्ट आवाज आला की झालं.

मिक्सरमध्ये फिरवायचा असेल तर बटण एकेका क्षणापुरतं दाबून सोडायचं. सलग फिरवलात की पुन्हा तेच पीठ. मी खलबत्त्यात कुटते किंवा पिशवीत घालून वरून लाटणं फिरवते. चाळून अगदी बारीक भाग काढून ठेवा, तो रश्शाला दाटपणा आणायला कामी येतो.

भाजणं हा यातला खरा भाग, तेव्हा इथे फोनवर बोलत उभं राहायचं नाही. जाड बुडाची पसरट कढई घ्या. तीन मोठे चमचे तेल. ऑलिव्ह तेल असेल तर घाला, पण मला घाण्याचं शेंगदाण्याचं तेल जास्त आवडतं, लसणाशी त्याची जुनी ओळख आहे. तेल कोमट असतानाच लसणाच्या चार-पाच पाकळ्या नुसत्या ठेचून घाला. त्या सोनेरी व्हायला लागल्या की काढून बाजूला ठेवा. लसूण कढईतच राहिला तर पाव भाजेपर्यंत तो जळतो आणि कडवटपणा सगळ्या चुऱ्याला लागतो. मग त्याच तेलात चुरा घाला, आच मंद ते मध्यम ठेवा आणि हलवत राहा.

सुरुवातीला चुरा सगळं तेल पिऊन टाकतो आणि कढई कोरडी दिसते. इथे हात आवरा, आणखी तेल ओतू नका. दोन-तीन मिनिटं काहीच होत नाही असं वाटतं. मग कण एकमेकांपासून सुटे व्हायला लागतात, कढईत हलवताना मऊ आवाज जाऊन खरखर सुरू होते आणि बेकरीच्या भट्टीजवळ येतो तसा वास सुटतो. रंग आधी फिका पिवळा, मग गव्हाळ. गव्हाळ रंगाच्या थोडं पुढे गेला की गॅस बंद करा आणि लगेच, तिथल्या तिथे, चुरा ताटात काढा. कढई तापलेली असते, चुरा तिच्यातच ठेवला तर गॅस बंद असूनही तो भाजत राहतो. सगळं मिळून सात-आठ मिनिटांचं काम. मीठ आता घाला, चिमूटभर. लाल मिरचीचे बी काढलेले तुकडेही आताच. नंदुरबारची मिरची असेल तर जपून.

मघाचा काढलेला लसूण फेकू नका. गार झाल्यावर कुस्करून चुऱ्यात मिसळा.

पास्त्याचं पुडकं घेताना मागे काय लिहिलंय ते वाचा. ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेला हवा. इटलीत १९६७ च्या कायद्यानुसार सुका पास्ता ड्युरमचाच करावा लागतो. हा गहू कडक, रवा पिवळसर, आणि त्याचा पास्ता उकळल्यावरही आकार सोडत नाही. आपला बन्सी गहू ड्युरम जातीचाच. शेवयांना बन्सी बरा असं जुन्या बायका सांगायच्या, ते उगीच नव्हे. मैद्याचा पास्ता स्वस्त मिळतो, पण तो चिकट होतो, आणि खाली चिकट काला असला तर वरच्या चुऱ्याचा काही उपयोग नाही.

शंभर ग्रॅमला एक लिटर पाणी, लिटरला दहा ग्रॅम मीठ, असं इटलीतलं साधारण माप. चौघांना ३५० ग्रॅम पुरतो, सोबत दुसरं काही असेल तर ३०० सुद्धा. पाणी खळखळ उकळल्यावर मीठ, मग पास्ता. पाण्यात तेल घालू नका. त्याने पास्ता सुटा राहतो हा समज आहे. नुसता बुळबुळीत होतो आणि मसाला अंगाला धरत नाही. सुटा राहायला पहिली दोन मिनिटं ढवळा, बास. पुडक्यावर दिलेल्या वेळेच्या दोन मिनिटं आधी उतरवा, कारण पुढचं शिजणं कढईत होणार आहे. निथळण्यापूर्वी दोन वाट्या पाणी काढून ठेवा. त्यात पास्त्याची पेज उतरलेली असते, तीच पुढे तेल आणि पाणी एकजीव करते. आणि कृपा करून गार पाण्याखाली धुऊ नका.

सर्वांत साधा प्रकार असा. पसरट कढईत चार चमचे तेल, आठ-दहा पाकळ्या लसणाचे पातळ काप, दोन सुक्या मिरच्या मोडून. लसूण पांढऱ्याचा सोनेरी व्हायला लागला की एक वाटी पास्त्याचं पाणी ओता, चर्र होईल, बाजूला व्हा. त्यात स्पॅगेटी घालून मोठ्या आचेवर दीड-दोन मिनिटं परता. पाणी आटून त्याचा चकचकीत पातळ रस अंगाला लागला पाहिजे, तळाला डबकं राहता कामा नये. भरपूर कोथिंबीर. ताटात वाढायचं आणि मग, ज्याच्या त्याच्या ताटात, वरून दोन-तीन मोठे चमचे चुरा. कढईत घालून मिसळायचा नाही. लिंबू पिळायचं तर चुरा घालण्याआधी.

स्पॅगेटी लांबच ठेवायची की मोडायची, यावर आमच्याकडे वाद होतात. हाताने खाणाऱ्यांनी खुशाल मोडावी.

थंडीत फ्लॉवर स्वस्त झाला की सिसिलीतल्या पालेर्मो शहराकडचा प्रकार करून बघा. तिथले लोक फ्लॉवर आधी पाण्यात मऊ उकडतात आणि त्याच पाण्यात पास्ता शिजवतात. कांदा तेलात परतून त्यात बेदाणे, पाइन नट, खारवलेले छोटे अँकोव्ही मासे आणि केशर. मग फ्लॉवर घालून इतका ढवळायचा की तो फुटून त्याचाच मसाला होतो. आपल्याकडे पाइन नटच्या जागी सातपुड्यातली चारोळी अगदी बेतशीर बसते. केशर नाही घातलं तरी चालतं. अँकोव्हीचा खारट दम कुठून आणायचा, तर ज्यांच्याकडे चालतं त्यांनी आठवडी बाजारातली सुकट कोरडी भाजून, चोळून, चमचाभर कांद्यात परतावी. आमच्या सासूबाईंच्या स्वयंपाकघरात ती यायची नाही, तेव्हा आम्ही दोन चमचे भाजलेल्या तिळाचं कूट आणि जरा जास्त मीठ घेतो. चव वेगळी होते, वाईट नाही. बेदाणे मात्र वगळू नका. खारट, तिखट, कुरकुरीत याच्यात मध्येच लागणारा गोड दाणा, त्याच्यासाठीच तो प्रकार आहे.

आता भरताचा पास्ता. वांगं आणि पास्ता ही जोडी सिसिलीला नवी नाही, कातानिया शहर तर तळलेल्या वांग्याच्या पास्त्यासाठीच ओळखलं जातं. पण तिथे आपली वांगी नाहीत. जळगावच्या भरीत वांग्यांना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. फिकट हिरवी, मोठी, बिया कमी. यावल तालुक्यातल्या बामणोद गावाकडची मिळाली तर दुसरी बघू नका. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने हलकं लागेल ते निवडा, जड वांगं म्हणजे आत बियाच बिया.

दोन वांग्यांना तेलाचा हात लावा, सुरीने दोन-तीन ठिकाणी टोचा आणि पराट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, जाळावर भाजा. कपाशी निघाल्यावर शेतात पराट्यांना तोटा नसतो. शहरात असाल तर गॅसच्या ज्योतीवर, पण मग सगळ्या बाजूंनी साल काळी पडेपर्यंत सोडू नका. अर्धवट भाजलेलं वांगं कच्चट लागतं आणि ती चव कशानेच झाकत नाही. भाजल्यावर झाकून दहा मिनिटं ठेवा, साल आपोआप सुटते. गर पाण्याखाली धरू नका, धुराचा वास निघून जाईल. लाकडी भांड्यात घेऊन ठेचा. मिक्सरला इथे मज्जाव आहे.

कढईत तीन चमचे तेल, हिरव्या मिरच्या आणि लसणाचा ठेचा, मूठभर शेंगदाणे, मग बारीक चिरलेली कांद्याची पात. पात नुसती मऊ होऊ द्या, रंग जाऊ देऊ नका. त्यात ठेचलेलं भरीत आणि मीठ. टोमॅटो घालू नका, आंबटपणाने भाजल्याची चव दबते. हे भरीत पास्त्यासाठी जरा सैल हवं, म्हणून पास्त्याचं पाऊण वाटी पाणी घाला. पेने किंवा दुसरा कुठला पोकळ, आखूड पास्ता घ्या, भरीत नळीत जाऊन बसतं. एक-दीड मिनिट एकत्र परता. भरपूर कोथिंबीर.

यावर पावाचा चुरा छान लागतोच, पण घरी वरण-बट्टी झाली असेल आणि बट्ट्या उरल्या असतील तर त्यांचा चुरा घ्या. बट्टीत ओवा असतो, हळद असते, आधीच तळलेली असते. म्हणून तेल फक्त एक चमचा आणि आच आणखी मंद. सासूबाई पहिल्यांदा बघून म्हणाल्या, “हे काय व माय, वांग्याच्या भरतावर बट्टीचा भुगा?” आणि नंतर वाटीतला चुरा नुसताच चमच्याने खात बसल्या. भाकरीचा चुरा मात्र या कामाचा नाही. ज्वारीची असो नाहीतर कळण्याची, भाजली की कुरकुरीत होण्याऐवजी कचकच लागते. तिला फोडणी द्या आणि वेगळी खा.

एक सांभाळायचं. चुरा आधीपासून पास्त्यावर घालून ठेवू नका. पाहुणे येणार असतील तर तो सकाळीच भाजून पूर्ण गार करा आणि मगच स्टीलच्या डब्यात भरा. कोमट असताना झाकण लावलंत तर आत वाफ धरते आणि सगळी मेहनत मऊ पडते. घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर चांगला राहतो, पावसाळ्यात दोन-तीन दिवसच. मऊ पडलाच तर कोरड्या कढईत मिनिटभर हलवा. जास्त झाला तर पिठल्यावर घाला, दहीभातावर घाला, मुगाच्या डाळीवर घाला. जेवायला बसल्यावर वाटी मधोमध ठेवायची आणि ज्याने त्याने मध्ये मध्ये घेत राहायचं, म्हणजे शेवटच्या घासालाही कुरकुरीत मिळतो.

पास्ता उरला तर दुसऱ्या दिवशी लोखंडी तव्यावर थोडं तेल सोडून तो थापा, हलवू नका, खालून खरपूस थर धरू द्या आणि थालीपिठासारखा उलटा करा. वर टाकायला चुरा डब्यातला नवा घ्या. काल पास्त्यावर पडलेला आता मऊच राहणार.