शामिसेनची तार बदलताना आणि घोडी बसवताना

शामिसेन या जपानी वाद्याला 3 तारा असतात. परंपरेने त्या रेशमाच्या असल्या, तरी सर्वांत बारीक तार लवकर तुटत असल्याने तिच्यासाठी अनेक वादक नायलॉन वापरतात. तिन्ही तारा एकदम काढू नयेत. एकेक बदलल्यास खालच्या टोकाचा ‘नेओ’ हा गाठींचा गोफ जागेवरून सरकत नाही.

जुनी तार सैल करण्यापूर्वी ‘कोमा’, म्हणजे तारांना खालून आधार देणारी घोडी, काढून ठेवावी. नव्या तारेचे एक टोक नेओच्या फासात घट्ट बांधावे, दुसरे खुंटीच्या छिद्रातून ओवावे आणि खुंटी आत दाबत फिरवावी, कारण ती केवळ घर्षणाने टिकते. सर्वांत जाड तार वरच्या धातूच्या पट्टीवर न ठेवता तिच्याशेजारच्या लाकडी कडेवर टेकू द्यावी. तंबोऱ्याच्या जवारीची आठवण करून देणारा ‘सावारी’ हा झणकार तिथेच जन्मतो, आणि माझ्या मते या वाद्याचा प्राण त्यातच आहे.

घोडी बसवताना तारा हलकेच उचलून ती त्यांच्याखाली सरकवावी. वाद्याच्या खोक्यावर ताणून बसवलेल्या कातड्यावरून ती घासत नेऊ नये. तिची नेमकी जागा वादनशैलीनुसार बदलते. रेशीम ताणले जाऊन स्वर उतरतो, म्हणून तार बोटांनी अलगद ओढून पुन्हा स्वरात आणावी, आणि हे स्वर स्थिरावेपर्यंत करावे. वादन संपल्यावर घोडी अवश्य काढावी, अन्यथा ताणलेल्या कातड्यावर सततचा भार पडतो.