पहिली एअरलाइन निवडताना या चुका टाळा

सीपीएल (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) झालं की पोरांना एकच घाई सुटते, खांद्यावर पट्ट्या कधी लागतात याची. बिरसी (गोंदिया), शिरपूर, बारामती इथल्या फ्लाइंग स्कूलमधून उड्डाणाचे दोनशे तास पुरे करून नागपूरला परतलेली मुलं मला भेटायला येतात. सोबत बहुतेक वेळा वडील असतात. पहिला प्रश्न पगाराचा, दुसरा जेट आहे का हा. एटीआर या पंख्यांच्या प्रवासी विमानावर नव्या एफओंना (फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट) लाइन ट्रेनिंग, म्हणजे प्रवाशांच्या नेहमीच्या फ्लाइटवरचं प्रशिक्षण, देण्यात माझी बरीच वर्षं गेली. हुशार, मेहनती मुलं मागे पडलेली पाहिली, आणि त्यातल्या बहुतेकांची चूक कॉकपिटमध्ये झालीच नव्हती. ती नोकरीच्या करारावर सही करतानाच झाली होती.

पगार विचारला, विमानं मोजलीच नाहीत

ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे, म्हणून हिच्यावर जास्त बोलतो.

प्रादेशिक कंपनीकडे विमानं मोजकी असतात. शंभर विमानांतली चार बिघडून जमिनीवर उभी राहिली तर रोस्टर (ड्यूटीचं वेळापत्रक) कसंबसं निभावतं. पाचांतली तीन उभी राहिली की सगळ्यात आधी नव्या एफओचं रोस्टर रिकामं होतं. त्याला उडवायला ट्रेनिंग कॅप्टन लागतो, आणि अडचणीतली कंपनी त्या कॅप्टनला आधी नेहमीच्या फ्लाइटवर लावते.

आता हिशेब करा. कॅप्टन होण्यासाठीच्या लायसन्सला, एटीपीएलला, १,५०० तास लागतात. तुमच्याकडे २०० आहेत, म्हणजे १,३०० कमवायचे आहेत. महिन्याला ६० तास मिळाले तर दोन वर्षांच्या आत काम होतं. महिन्याला १५ मिळाले तर सात वर्षांहून जास्त. दरमहा वीस हजार जास्त मिळाले म्हणून ही पाच वर्षं भरून निघत नाहीत.

मनीषनगरचा एक मुलगा होता. वडील वेकोलित (कोळसा खाणींची सरकारी कंपनी), निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेली. मुलाच्या हातात दोन गोष्टी होत्या: एका एटीआर कंपनीत निवड झालेली, पण बॅच सुरू व्हायला सहा महिने वाट पाहायची होती, आणि एका छोट्या कंपनीत लगेच रुजू व्हायचं होतं, स्वतःच्या खर्चानं टाइप रेटिंग (एका ठरावीक विमानासाठीची पात्रता) करून. "काका, ते लोक जेट देऊन राहिले ना, अन् पुढच्याच आठवड्यात बोलावून राहिले," तो मला म्हणाला. मी त्याला एवढंच विचारलं, त्यांची किती विमानं आज हवेत आहेत? त्यानं वेबसाइटवरचा आकडा सांगितला. वेबसाइटवर पाच होती. प्रत्यक्षात दोन उडत होती, आणि बाकीच्यांचे पार्ट काढून त्या दोघांना लावले जात होते. हे त्याला रुजू झाल्यावर कळलं.

सिम्युलेटर झालं, लायसन्सवर रेटिंग चढलं, लाइन ट्रेनिंग सुरू झालं आणि अर्ध्यावर थांबलं. मग महिन्यातून दोन-चार सेक्टर (एका विमानतळावरून दुसऱ्यापर्यंतची उड्डाणं). मग पगार उशिरा. मग विमानं भाड्यानं (लीजवर) देणाऱ्यांनी ती परत नेली. रेटिंग अशा विमानाचं, की देशात ते उडवणाऱ्या कंपन्या बोटांवर मोजण्याइतक्या. दर सहा महिन्यांनी होणारी कौशल्याची परीक्षा, प्रोफिशियन्सी चेक, हुकली, फक्त उपकरणं बघून उडवण्याच्या परवान्याची, इन्स्ट्रुमेंट रेटिंगची, मुदत संपली. पुढच्या प्रत्येक मुलाखतीत एकच प्रश्न: शेवटचं कधी उडालात? ज्या एटीआरच्या बॅचसाठी सहा महिने थांबायला तो तयार नव्हता, त्याच विमानाचं रेटिंग त्यानं पुढे पुन्हा पैसे भरून केलं. वडिलांचा पीएफ त्यात गेला. आज तो उत्तम उडवतो आणि डावीकडच्या, म्हणजे कॅप्टनच्या, सीटवर बसायच्या लायकीचा आहे. त्याच्या वयाची पोरं मात्र त्याआधीच कॅप्टन झाली.

तेव्हा सही करण्याआधी निदान दोन आठवडे त्या कंपनीची विमानं फ्लाइटरडारवर (उडणारी विमानं दाखवणारी वेबसाइट) रोज बघा. व्हीटीनं सुरू होणारे रजिस्ट्रेशन नंबर वहीत लिहून ठेवा. किती वेगवेगळे नंबर रोज दिसतात, ती कंपनीची खरी फ्लीट, म्हणजे चालू विमानांची संख्या. मग डीजीसीएचा (नागरी विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था) मासिक वाहतूक अहवाल उघडा. त्यात प्रत्येक कंपनीचं फ्लाइट रद्द होण्याचं प्रमाण दिलेलं असतं. दोन-तीन महिने ते चढत असेल तर तिथे घाईनं जाऊ नका. आणि कंपनीतल्या सर्वांत नव्या एफओला गाठा, एचआरला नाही. गेल्या महिन्यात किती तास झाले आणि पगार किती तारखेला जमा झाला, हे दोनच प्रश्न विचारा.

कंपनी बुडणं ही काही क्वचित घडणारी गोष्ट नाही. एअर कोस्टा फेब्रुवारी २०१७ मध्ये थांबली, ट्रूजेट फेब्रुवारी २०२२ मध्ये. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट मे २०२३ मध्ये थांबली, आणि त्या तर मोठ्या होत्या. लहान शहरांना विमानसेवेनं जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेत मार्गाला मिळणारं अनुदान तीन वर्षांचं असतं. ते संपल्यावर तो मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहील का, हे बघणं पायलटचंही काम आहे. आपल्या बिरसीहून मार्च २०२२ मध्ये सेवा सुरू झाली आणि त्याच वर्षी बंद पडली. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये दुसऱ्या कंपनीनं नव्यानं सुरू केली.

बॉन्ड वाचलाच नाही

"सगळेच करतात सही, सर." हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. बॉन्ड म्हणजे मुदतीआधी नोकरी सोडली तर कंपनीला पैसे भरून देण्याचा करार. त्याची रक्कम, मुदत आणि मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची, ही तीन कलमं वाचायला अर्धा तास लागतो. रुजू झाल्याच्या तारखेपासून आणि लाइन रिलीजच्या (लाइन ट्रेनिंग संपून नेहमीच्या ड्यूटीला मोकळं होण्याच्या) तारखेपासून, यात एका वर्षाचाही फरक पडू शकतो. कंपनीनंच विमानं उभी केली तर बॉन्डचं काय, हे लेखी नसेल तर लिहून मागा. रक्कम वर्षागणिक कमी होत जाते का, तेही बघा. जामीनदार म्हणून वडिलांची सही असेल तर कागद वकिलाला दाखवल्याशिवाय घराबाहेर जाऊ देऊ नका. कोऱ्या चेकवर सही मी माझ्या पुतण्यालाही करू दिली नाही.

बॉन्डशिवाय नोटीस पिरियड वेगळा. डीजीसीएच्या २०१७ च्या नियमानुसार को-पायलटला सहा महिने आणि कमांडरला एक वर्ष. जुन्या कंपनीच्या एनओसीशिवाय (ना-हरकत पत्राशिवाय) दुसरी कंपनी तुम्हाला उडवू देत नाही. म्हणून "आवडलं नाही तर सोडून देईन" हा बेत आखू नका. मात्र नोटीस काळात कंपनीनं पगार कापला किंवा अटी तुमच्या नुकसानीच्या केल्या, तर लवकर सुटका मागता येते. त्यासाठी पगाराच्या स्लिपा आणि मेल जपून ठेवा.

पंखे बघून नाक मुरडणं

एटीआर ७२ पंचवीस हजार फुटांच्या वर जात नाही. जुलैत ढग वरून ओलांडता येत नाहीत, त्यांच्यातून वाट काढावी लागते. सेक्टर लहान, म्हणून टेकऑफ-लँडिंग जास्त. धावपट्ट्या छोट्या, आणि कितीतरी ठिकाणी आयएलएस (कमी दृश्यमानतेत उतरायला मदत करणारी रेडिओ यंत्रणा) नाही. नवीन पायलटला घडवायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. अमरावतीच्या बेलोऱ्याला एप्रिल २०२५ पासून उतरतं ते हेच विमान. पुढे एअरबसवर जायचं असेल तर नवं टाइप रेटिंग करावंच लागतं, मग पहिलं जेटचं होतं की पंख्याचं, यानं फारसं बिघडत नाही. इंडिगोकडे तर दोन्ही आहेत.

खरा विचार करायचा तो अगदी लहान विमानांच्या बाबतीत. सेसना कॅरव्हान हे एका इंजिनाचं छोटं विमान ५,७०० किलो वजनाच्या खाली येतं, आणि एअरलाइनच्या जाहिरातीत बऱ्याचदा त्या वजनाच्या वरच्या विमानावरचे तास मागतात. तिथे शिकायला भरपूर मिळतं, पण ही अट माहीत असूनच जा.

बाकीच्या, थोडक्यात

नागपूरला बेस (जिथून ड्यूटी सुरू होते ते शहर) मिळेल या आशेवर कंपनी निवडू नका. स्टार एअर बंगळुरूची, फ्लाय९१ गोव्याची, अलायन्स एअर दिल्लीची. घरचा डबा काही वर्षं विसरा.

नागपुरात बर्डीवरच्या (सीताबर्डी) ऑफिसात बसून "आतून सेटिंग आहे" म्हणणाऱ्या एजंटला एक रुपयाही देऊ नका.

नोकरी ठरायच्या आधी टाइप रेटिंग करू नका. नुसतं रेटिंग घेऊन घरी बसलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांचं नुकसान दर महिन्याला वाढत जातं.

मुलाखतीत पगार शेवटी विचारा. आधी विचारा: गेल्या वर्षी रुजू झालेल्यांपैकी किती जण लाइनवर रिलीज झाले, आणि किती दिवसांत?

आणि लॉगबुक दर महिन्याला कंपनीकडून प्रमाणित करून घ्या, डीजीसीएच्या ईजीसीए या ऑनलाइन पोर्टलवरच्या नोंदी त्याच दिवशी ताडून बघा. वर्षाखेरीला एकदम करू म्हणणाऱ्यांची कंपनी मधेच बंद पडते, चीफ पायलट दुसरीकडे निघून जातो, आणि उडालेल्या तासांवर सही करायला माणूस सापडत नाही. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कंपनीच्या ऑप्समध्ये (ऑपरेशन्स विभागात) जाऊन शिक्का घेऊन या.